वेतन कालावधी (शासकीय सेवा)

ज्या ठरावीक मुदतीतील कामाचे वेतन एकत्रित हिशेब करून दिले जाते, त्या मुदतीस वेतन कालावधी असे म्हणतात. मासिक, पाक्षिक, द्विसाप्ताहिक व साप्ताहिक हे त्याचे प्रमुख प्रकार होत. कालावधी बदलल्याने वार्षिक वेतन बदलत नाही. मात्र प्रत्येक वेळी मिळणारी रक्कम, कपातींचे वेळापत्रक आणि कर्मचाऱ्याच्या हाती राहणारा पैसा यांत फरक पडतो.

प्रकारांतील फरक

पाक्षिक पद्धतीत वर्षातून २४ वेळा, तर द्विसाप्ताहिक पद्धतीत दर १४ दिवसांनी, म्हणजे सामान्यतः २६ वेळा वेतन मिळते. उदाहरणार्थ, ६०,००० रुपये मासिक वेतनाचे पाक्षिक वेतन ३०,००० रुपये, तर द्विसाप्ताहिक वेतन सुमारे २७,६९२ रुपये होते. दुसऱ्या पद्धतीत वर्षातील बहुतेक महिन्यांत दोनच वेतने येत असल्याने त्या महिन्यांत एकूण ५५,३८४ रुपये हाती येतात. उरलेली रक्कम तीन वेतनांच्या महिन्यांत भरून निघते.

अमेरिका

अमेरिकेच्या संघीय सरकारात पूर्वी वार्षिक वेतनाची विभागणी ३० दिवसांचा महिना धरून होत असे. १९४५ च्या संघीय कर्मचारी वेतन अधिनियमाने द्विसाप्ताहिक कालावधी आणला. ५२ आठवडे व ४० तास या हिशेबाने वर्षाचे २,०८० तास धरले जात. परंतु ५२ आठवड्यांचे ३६४ दिवसच होतात. दिनदर्शिकेच्या २८ वर्षांच्या चक्राची सरासरी सुमारे २,०८७ तास येते. म्हणून १९८० च्या दशकात ताशी दर काढण्यासाठी हा आकडा स्वीकारण्यात आला. सैनिकांना मात्र महिन्याच्या १ व १५ तारखेस वेतन मिळते.

भारत

भारतात शासकीय वेतन मासिक असते. केंद्र सरकारचे कर्मचारी सामान्यतः महिन्याच्या अखेरच्या कामकाजाच्या दिवशी वेतन घेतात. मार्चचे वेतन एप्रिलमध्ये दिले जात असल्याने ते पुढील आर्थिक वर्षाच्या खर्चात मोडते. महाराष्ट्रात गणेशोत्सव वा दिवाळी महिनाअखेरीस आल्यास शासनाने काही वेळा वेतन सणापूर्वी दिले आहे. अशा वेळी कालावधी बदलत नाही. पुढील वेतनापर्यंतचे अंतर मात्र वाढते. राजस्थानने २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना मासिक वेतनाचा काही भाग आगाऊ उचलण्याची सोय केली.

बदलाचे परिणाम

कमी अंतराने वेतन मिळाल्यास अल्प वेतनाच्या कर्मचाऱ्यास महिनाअखेरीस उसनवारी करण्याची गरज कमी भासू शकते. याउलट घरभाडे, शाळेचे शुल्क व कर्जाचे हप्ते मासिक असल्याने त्यांसाठी प्रत्येक वेतनातून रक्कम बाजूला ठेवावी लागते. शासनाच्या दृष्टीने देयके तयार करण्याचे काम वाढते आणि कोषागारातून पैसा लवकर बाहेर पडतो. संक्रमणाचा पहिला महिना सर्वांत नाजूक असतो: नव्या पद्धतीचे पहिले वेतन जुन्या तारखेपेक्षा उशिरा किंवा अपुरे मिळाल्यास हप्ते थकू शकतात. त्यामुळे अशा बदलाची पूर्वसूचना आणि कपातींचे सुधारित वेळापत्रक आवश्यक ठरते.