दुसरे खेळणे कोणी शिकवले?

राइट बंधूंची गोष्ट वर्गात सांगताना आपण बहुतेक जण एका खेळण्यापासून सुरुवात करतो. १८७८ साली वडिलांनी प्रवासाहून येताना मुलांसाठी एक उडते खेळणे आणले. बूच, बांबूच्या काड्या, पातळ कागद आणि पीळ दिलेले रबर एवढाच त्याचा ऐवज. फ्रान्समधल्या आल्फोन्स पेनो या तरुण संशोधकाच्या रचनेवरून ते बनवलेले होते. वडिलांनी ते मुठीत लपवून आणले आणि खोलीत सोडले. ते जमिनीवर पडायच्या ऐवजी वर छताला जाऊन भिडले. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता, ऑर्विल सात वर्षांचा. पोरांनी त्याचे नाव ठेवले ‘वटवाघूळ’.

यानंतर आपण एकदम सायकलच्या दुकानावर येतो आणि तिथून विमानावर. मधली एक पायरी मात्र सुटते. असले नाजूक खेळणे मुलांच्या हातात किती दिवस टिकणार? ते मोडले. मग मुलांनी स्वतः दुसरे बनवले, आणखी बनवली, मोठी करून पाहिली. इतिहासाच्या दृष्टीने आम्हाला पहिल्यापेक्षा हे दुसरे खेळणे महत्त्वाचे वाटते. पहिले विकत मिळाले होते. दुसरे करायला हात तयार असावा लागतो. सात वर्षांच्या मुलाचा हात घरात कोणी तयार केला?

वडिलांनी नव्हे. मिल्टन राइट हे धर्मोपदेशक, पुढे बिशप. पुस्तकांचे भोक्ते, करारी, सतत फिरतीवर. हत्यारांशी त्यांचे कधी जमले नाही. त्यांना खिळादेखील धड सरळ ठोकता येत नसे, असे चरित्रकार सांगतात. काही मोडले, काही बनवायचे असले, एखादी गोष्ट कशी चालते हे विचारायचे असले, तर मुले आईकडे जात.

सुझन कोर्नर हे तिचे माहेरचे नाव. जन्म १८३१ सालचा, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातला. वडील जॉन कोर्नर जर्मनीतल्या सॅक्सनीहून आलेले, घोड्याच्या गाड्या आणि बग्ग्या बांधणारे कारागीर. पुढे हे कुटुंब इंडियानात शेतीवर जाऊन राहिले. तिथेही घराच्या आवारात गाड्यांचा कारखाना होता, आणि त्यात पायाने चालवायचा लेथ होता. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्यावर उतरतात, त्याच जातीचे यंत्र. सुझन लहानपणी वडिलांबरोबर या कारखान्यात वावरली आणि हत्यारे वापरायला तिथेच शिकली.

गाडी बांधणारा सुतार हा साध्या सुतारापेक्षा थोडा वेगळा असतो. खुर्ची जागेवर उभी असते, गाडीला मात्र खड्ड्यांतून धक्के खात पळायचे असते. तिचा प्रत्येक भाग जितका हलका तितका घोड्याला बरा, पण इतका हलका नको की मोडेल. म्हणून तो लाकूड निवडताना त्याचे रेषे कुठून कुठे जातात ते पाहतो, गाठ असलेला तुकडा बाजूला टाकतो, आणि जिथे वळण हवे तिथे करवतीने वळण कापत नाही, तर लाकूड वाफेवर मऊ करून वाकवतो. कापले तर रेषे तुटतात. वाकवले तर ते टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. ॲश नावाचे झाड या कामात गाडीवाल्यांच्या खास आवडीचे. हलके, मजबूत आणि वाकणारे हवे, हे तीन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे लागतील.

सुझन नुसती हातानेच हुशार होती असे नाही. इंडियानातल्या हार्ट्‌सव्हिलच्या महाविद्यालयात ती शिकली. त्या काळात तिथल्या मुलींना हे सहसा मिळत नसे. गणितात ती पुढे होती. तिथेच मिल्टनशी ओळख झाली आणि १८५९ साली लग्न झाले. स्वभावाने अतिशय लाजाळू. बिशपची बायको म्हणून लोकांत मिसळणे तिला जड जाई, पण घरात तिचा हात चालू असे. तिने स्वतःच्या वापराची साधीसुधी घरगुती उपकरणे बनवली, मुलांसाठी खेळणी बनवली. बर्फावरून घसरत जायची एक लाकडी घसरगाडी तिने करून दिली होती, ती मुलांना फार प्रिय होती.

या घसरगाडीवरून एक गंमत झाली आहे. १९५० साली क्वेंटिन रेनॉल्ड्स या लेखकाचे राइट बंधूंवरचे मुलांसाठीचे पुस्तक अमेरिकेत निघाले आणि खूप वाचले गेले. त्यात आई घसरगाडीचा आराखडा आधी कागदावर काढते, गाडी बुटकी ठेवली की वारा कमी अडतो हे मुलांना समजावते, कागदावर चुकले नाही तर लाकडातही चुकणार नाही असे सांगते. प्रसंग सुरेख आहे. पण हे संवाद लेखकाने रचलेले आहेत. घसरगाडी खरी, शिकवणारी आई खरी, तोंडची वाक्ये मात्र कादंबरीची. वर्गात हा उतारा वापरायला हरकत नाही, फक्त हे सांगून वापरावा. आणि मुलांना विचारावे की असे संवाद रचण्याची लेखकाला गरज का पडली असेल.

आमच्या मते कारण उघड आहे. मिल्टन राइटनी १८५७ पासून १९१७ पर्यंत रोजनिशी लिहिली. कोणत्या गावी गेले, कोणती गाडी पकडली, सगळे नोंदलेले. लाजाळू सुझनच्या हातचे लिखाण त्या मानाने अगदी थोडे. जो लिहितो त्याचा वाटा इतिहासात मोठा दिसतो. पटाशी धरलेल्या लहान मुलाच्या हातावर आपला हात ठेवून कोन बदलणे, याची नोंद कोण कुठे करणार? शिवाय ते काम बाईने केलेले. कार्यानुभवाच्या तासाला मुलग्यांना हातोडी आणि मुलींना सुईदोरा, ही वाटणी आपल्याही शाळांत आम्ही पाहिलेली आहे.

एक लहानशी आठवण मात्र टिकली. घर आवरताना सुझन मुलांनी करायला घेतलेली अर्धवट वस्तू कधी फेकून देत नसे. जी काही काडी, कपटा, तुकडा पडलेला असेल तो उचलून ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून देई. ज्यांच्या घरात किंवा वर्गात अशी मुले आहेत त्यांना ही फळी किती मोठी लागते ते ठाऊक असेल.

शाळेतलीही एक गोष्ट आहे. ऑर्विल सुरुवातीच्या इयत्तेत असताना बाकावर लाकडाच्या काड्यांशी काही तरी करत बसलेला त्याच्या बाईंना दिसला. विचारल्यावर त्याने सांगितले, उडायचे यंत्र करतो आहे. मोठे केले तर मी आणि माझा भाऊ त्यातून उडू. बाईंना ही आठवण पुढे कित्येक वर्षे राहिली.

मोठे केले तर! इथेच पोरांना पहिला धडा मिळाला, आणि तो कुठल्याही माणसाने दिला नाही. वटवाघळाच्या छोट्या नकला छान उडत. आकार वाढवला की उडेनात. १९०८ साली दोघा भावांनी मिळून लिहिलेल्या लेखात याचा उल्लेख आहे. लांबी दुप्पट केली तर आठपट शक्ती लागते हे तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून नाद सोडला, असे ते म्हणतात. हिशेब आठवी-नववीच्या मुलांना जमेल असा आहे. सगळे भाग त्याच प्रमाणात दुप्पट केले की पात्यांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन होते आठपट. म्हणजे पात्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. बांबूच्या काड्या, कागद आणि रबर घेऊन हा प्रयोग वर्गात करून पाहता येतो. दोन मापांची खेळणी करावीत आणि उत्तर आधी सांगू नये.

मुले मोठी होत गेली तशा वस्तूही मोठ्या झाल्या. कोर्नर आजोबांच्या शेतावर त्यांनी तो पायाचा लेथ पाहिलेला होता. १८८१ ते १८८४ या काळात कुटुंब इंडियानातल्या रिचमंडला होते. तेव्हा दोघांनी स्वतःच आठ फुटी लेथ बनवला. घर्षण कमी करायला घोड्याच्या साजातल्या कड्यांत गोट्या भरून बेअरिंग केले. यंत्र सुरू झाले, गोट्या फुटल्या आणि सगळा खेळ गडगडला. तिथेच ऑर्विल पतंग करून विकत असे. वजन वाचवायला तो कामट्या इतक्या बारीक तासायचा की वाऱ्यात त्या वाकून पतंगाला बाक येई. वाकलेल्या पृष्ठभागाला वारा जास्त उचलतो हे त्याला पुढे कळायचे होते. १८८८ साली डेटनमध्ये भावांनी छपाईयंत्र जुळवले, त्यात एक थडग्याचा टाकाऊ दगड आणि जुन्या बग्गीच्या मिटत्या टपाचे भाग बसवले. गाडीवाल्या आजोबांच्या नातवांना बग्गीचे सुटे भाग हाताळायला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तोवर सुझन क्षयाने खंगली होती. विल्बर स्वतः एका दुखापतीने घरी होता. तो रोज सकाळी आईला उचलून खालच्या मजल्यावर आणी आणि रात्री परत वर नेई. ४ जुलै १८८९ रोजी ती गेली. मुलांनी विमानाचा विचार गांभीर्याने सुरू केला तो त्यानंतर दहा वर्षांनी.

१९०० साली पहिले मोठे ग्लायडर घेऊन विल्बर समुद्रकाठच्या किटी हॉकला निघाला. पंखांच्या मुख्य दांड्यांसाठी त्याला अठरा फुटी स्प्रूस हवे होते, वजनाच्या मानाने हे लाकूड फार मजबूत. वाटेत नॉरफोक बंदरात त्याने वखारी पालथ्या घातल्या. अठरा फुटी लांबी मिळेना. शेवटी सोळा फुटी पांढरे पाइन घेतले. लाकूड आखूड म्हणून पंख आखूड, पंख आखूड म्हणून शिवून आणलेले कापड मोठे. किटी हॉकमध्ये ज्या कुटुंबात तो उतरला, तिथल्या गृहिणीच्या शिलाईयंत्रावर त्याने ते कापड कापून पुन्हा शिवले. दोनशे चौरस फुटांचे ठरलेले पंख १६५ वर आले. फासळ्या ॲशच्या, वाफेवर वाकवलेल्या. गाडीवाल्याचे हलके, मजबूत आणि वाकणारे ते हेच.

खरी कसोटी १९०३ च्या पंख्यांची होती. इंजिन सायकल दुकानातल्या चार्ली टेलरने केले, जेमतेम बारा अश्वशक्तीचे. इतक्या कमी शक्तीत उडायचे तर पंखा उत्तम हवा. जहाजाच्या पंख्याचे तयार गणित उपयोगी पडेल अशी भावांची अपेक्षा होती, पण तसे गणितच नव्हते. तेव्हा त्यांनी पंखा म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच असे मानले, १९०१ मध्ये लाकडी खोक्याच्या वातबोगद्यात गोळा केलेले आकडे घेतले आणि महिनोन्‌महिने वाद घालत हिशेब मांडला. हिशेब कागदावर झाला तरी पंखा लाकडातच व्हायचा होता. स्प्रूसच्या तीन फळ्या एकमेकींवर चिकटवून साडेआठ फुटांचा ठोकळा झाला. आधी छोट्या कुऱ्हाडीने, मग दोन्ही मुठी धरून अंगाकडे ओढायच्या सुरीने त्यांनी त्यातून पात्याचा पीळ काढला. मध्यापासून टोकापर्यंत प्रत्येक ठिकाणी कोन वेगळा, आणि उलट्या दिशेने फिरणारा दुसरा पंखा पहिल्याचे आरशातले रूप. अलीकडे या पंख्यांच्या हुबेहूब प्रतिकृती वातबोगद्यात तपासल्या गेल्या. इंजिनाच्या शक्तीपैकी ७५ टक्क्यांहून अधिक ते कामी लावतात असे दिसले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ ऑर्विल बारा सेकंदांत १२० फूट उडाला. त्याच दिवशी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने उलथून मोडले, आणि भावांनी ते तुकडे खोक्यांत भरून डेटनला घरी नेले.