डॉक्टरांचा 'बर्नआऊट' म्हणजे नेमकं काय? ड्युटीच्या तासांचे नियम काय सांगतात?

नागपुरात ऑटोवाल्याला नुसतं 'मेडिकल' म्हटलं, तरी तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या गेटवर सोडतो. विदर्भासह छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगड आणि तेलंगणातूनही इथे पेशंट येतात. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत त्यांना आधी भेटतो तो बहुतेक वेळा निवासी डॉक्टर, म्हणजे एमडी-एमएसचं शिक्षण घेता घेता वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर. बर्नआऊटचा विषय निघतो तेव्हा सर्वाधिक चर्चा याच डॉक्टरांची होते.

बर्नआऊट हा आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत बर्नआऊटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी संबंधित स्थिती म्हणून आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही, की ती निर्माण होते. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत:

- शक्ती पूर्ण संपल्यासारखं वाटणं
- कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं
- आपल्या हातून काम नीट होत नाही, असं वाटणं

डॉक्टरच्या बाबतीत दुसरं लक्षण पेशंटलाही जाणवतं. 'बेड नंबर १२' मागचा माणूस दिसेनासा होतो.

नियम काय आहेत?

- १९९२: केंद्र सरकारच्या रेसिडेन्सी योजनेनुसार कनिष्ठ निवासी डॉक्टरांना साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नसावं.
- २०२३: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पदव्युत्तर नियमांत 'वाजवी' कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला किमान २० किरकोळ रजा यांची तरतूद आहे. पण 'वाजवी' म्हणजे किती तास, हे दिलेलं नाही.
- २०२४: आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली. म्हणजे १९९२ च्या मर्यादेपेक्षा २६ तास जास्त.

शिवाय साप्ताहिक सुट्टीला 'कामाची निकड नसेल तर' ही अट आहे. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात निकड रोजचीच असते.

मग उपाय काय?

२०१६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यानुसार, वैयक्तिक पातळीवरचे आणि संस्थेने केलेले असे दोन्ही उपाय बर्नआऊट कमी करतात. डॉक्टरला झोप, सहकाऱ्यांशी मोकळं बोलणं आणि गरज पडल्यास समुपदेशन यांचा उपयोग होतो. ड्युटीचं वेळापत्रक, रिक्त पदं आणि सुरक्षा मात्र रुग्णालय आणि सरकारच्याच हातात आहे. ३६ तासांच्या ड्युटीनंतर योगाचं शिबिर ठेवलं, तर तो वेळही झोपेतूनच जातो.

बर्नआऊट आणि नैराश्य वेगळे आहेत. उदासी हटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर उपचार घ्यायलाच हवेत. केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं. डॉक्टरांनाही.