हवेचं वजन

पाणी गढूळ झालं की डोळ्यांना दिसतं. हवेचं तसं नाही. नाकाला कळतं, पण नाकाची साक्ष कागदावर कशी मांडणार? म्हणून मोजणं आलं. नवी मुंबईत या मोजण्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

इथे कारखाने आधी आले, शहर नंतर. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसीचा पट्टा १९६०च्या दशकात उभा राहू लागला. सिडको आली मार्च १९७० मध्ये. त्याच सप्टेंबरात राज्याचं प्रदूषण मंडळही आलं, पण पाण्याच्या कायद्याखाली! हवेसाठी देशाचा कायदा व्हायला १९८१ साल उजाडलं. दिघा, रबाळे, तुर्भे ही गावं तोवर त्याच वाऱ्यात जगत होती.

मोजायची जुनी पद्धत तशी साधी. काचतंतूच्या गाळणकागदाचं वजन करायचं, तो सॅम्पलरमध्ये बसवायचा, पंपाने मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा ओढायची, आठ तासांनी पुन्हा वजन. फरक म्हणजे धूळ. सल्फर डायऑक्साइडसाठी हवा द्रावणातून बुडबुडत न्यायची, मग त्यात रंगद्रव्य घालून रंग किती गडद होतो ते बघायचं.

मेख पुढेच आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात हे आठवड्यातून दोनदा करायचं, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. उरलेल्या २६१ दिवसांचं काय? आणि मोजणीच्या दिवशीसुद्धा मध्यरात्री अर्धा तास आलेला उग्र दर्प २४ तासांच्या सरासरीत विरघळून जातो.

दुसरी मेख १९९४च्या मानकांत. तरंगत्या धुळीची २४ तासांची मर्यादा निवासी भागात घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम, औद्योगिक भागात ५००! रस्त्याच्या अलीकडचं फुप्फुस वेगळं आणि पलीकडचं वेगळं? वारा काही झोनचा नकाशा वाचून वाहत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये हा भेद गेला आणि बेंझीनसकट १२ प्रदूषकं यादीत आली.

आता सतत मोजणारी यंत्रं आहेत, हवेचा निर्देशांक मोबाइलवर दिसतो. २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नवी मुंबईचंही नाव आलं. चांगलंच आहे. पण यंत्र जे मोजायला सांगितलंय तेवढंच मोजतं. तेव्हा रात्री वास आला तर खिडकी लावण्याआधी तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. नाकाची साक्ष कागदावर आणायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.