सावकार बुडाला तरी गहाण उरते

गहाण म्हणजे कर्जाच्या तारणादाखल स्थावर मालमत्तेतील हक्क धनकोकडे बांधून देणे. धनको, म्हणजे कर्ज देणारा, स्वतःच बुडाला तर हा बंध आपोआप सुटतो, अशी ऋणकोची समजूत (की आशा?) बरीच जुनी असून तिचे मूळ सावकारीच्या रचनेत सापडते. सावकाराची वही आणि कुणब्याने अंगठा उठवून दिलेला रोखा हाच व्यवहाराचा जवळजवळ एकमेव पुरावा असल्यामुळे कागद आणि कर्ज यांत लोकव्यवहार फारसा भेद करीत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेल्या आणि पुढे नगर जिल्ह्यातही पसरलेल्या दंग्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून रोखे, गहाणखते आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता, तो याच समजुतीतून.

१८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने दस्तांच्या नोंदणीची सोय गावापर्यंत नेली, आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा १८९३ पासून मुंबई इलाख्यात लागू झाला. त्यानंतर नजरगहाण (ज्यात ताबा ऋणकोकडेच राहतो) असो की ताबेगहाण (ज्यात उत्पन्न धनको घेतो), दोन्हींतील हक्क दप्तरी नोंदीत व कायद्याच्या कलमांत स्थिरावले. ऋणकोचा गहाण सोडवून घेण्याचा हक्क जसा त्यात पक्का झाला, तसा धनकोचा वसुलीचाही. वही जळून कर्ज फिटण्याचा काळ तेथे संपला.

सावकाराच्या जागी बँक आल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. ठेवी हे बँकेचे देणे आणि गहाणकर्ज हे तिचे येणे. त्यामुळे बँक बुडते तेव्हा नाहीसे होते ते तिचे देणे फेडण्याचे बळ, येणे नव्हे. अशा बँकेचा कारभार आवरण्यासाठी नेमलेला अधिकारी, ज्याला अवसायक म्हणतात, बँकेच्या जागी उभा राहून हप्ते वसूल करतो आणि ती रक्कम धनकोंमध्ये वाटतो. कराराच्या अटी त्यालाही बांधून असल्याने, तशी अट नसल्यास, नियमित हप्ते भरणाऱ्याकडे तो सारी बाकी एकदम मागू शकत नाही. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेशी बँक कोसळली, १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बंद पडली. या शेवटच्या दोन घटनांतून १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा आला, तोही प्रथम दरठेवीदार अवघ्या १,५०० रुपयांचा. विमा ठेवीदाराला मिळाला, कर्जदाराला नाही, आणि ते योग्यच होते, कारण बँकेच्या बुडण्याने गमावण्याजोगे कर्जदाराच्या हाती काही नसते.

अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा: कर्जदारच ठेवीदारही असतो तेव्हा. आठ लाखांचे गृहकर्ज आणि तीन लाखांची ठेव एकाच व्यक्तीच्या नावे असल्यास परस्पर वजावटीचे तत्त्व लागू होऊन देणे पाच लाखांवर येते. अन्यथा आठ लाख पुरे भरून तीन लाखांसाठी रांगेत उभे राहावे लागले असते. मात्र दोन्ही खाती त्याच हक्काने त्याच व्यक्तीची असावी लागतात, म्हणून पत्नीच्या नावची ठेव पतीच्या कर्जात वळती होत नाही. विम्याची रक्कमही बँकेचे येणे वजा करूनच ठरते.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढता येत होते, कर्जदारांचे हप्ते मात्र चालूच राहिले. २५ जानेवारी २०२२ रोजी तिचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाल्यावर कर्जांची वसुलीही नव्या बँकेकडे गेली.

बँक संपली, कर्जही फिटले, तरी सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात त्या बँकेच्या नावचा बोजा राहतो, आणि अवसायकाचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे पोचून फेरफार मंजूर होईपर्यंत तो तसाच असतो.