कोलेय्यक आणि स्मशानातील कुत्रा

बोईसर-तारापूरच्या वसाहतींतील लहान सदनिकांत आज पग, ल्हासा आप्सो असे इवले श्वान पाळलेले दिसतात. मांडीवर विसावणारा आणि दाराशी चाहूल लागताच भुंकणारा हा सोबती सहज लळा लावतो. त्याच्या कुलीनतेचे कौतुक मात्र इतिहासाच्या कसोटीवर तपासले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

ल्हासा आप्सो तिबेटातील विहारांत व घरांत आतल्या बाजूची राखण करी. पेकिंगीज चीनच्या राजवाड्यात वाढला. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगचा ग्रीष्मप्रासाद लुटला. तेथील एक कुत्री व्हिक्टोरिया राणीस भेट मिळाली. तिचे नाव ठेवले ‘लूटी’, आपल्याच ‘लूट’ शब्दावरून!

कुलीन कुत्र्यास पालीत ‘कोलेय्यक’ म्हणतात. कुक्कुर जातकात राजाच्या रथाचे चामडे कुत्र्यांनी खाल्ले. राजाने वाड्यातील कोलेय्यकांना वगळून बाकी सर्व कुत्रे मारण्याची आज्ञा केली. स्मशानातील कुत्र्यांचा नायक असलेल्या बोधिसत्त्वाने दरबारात न्याय मागितला. त्याच्या सांगण्यावरून ताक व दर्भ देताच कोलेय्यकांनीच चामडे ओकले. जन्मावरून निर्दोषत्व ठरत नाही, हे सिद्ध झाले.

याच पालघर जिल्ह्यातील सोपारा परिसरात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा खंड १८८२ मध्ये, तर नवव्याचा १९५६ मध्ये सापडला. नवव्या लेखात प्राणिमात्रांविषयीचा संयम हे धम्ममंगल मानले आहे.

जन्मावरून हीन ठरविले जाण्याचे दुःख आपण जाणतो. म्हणून मांडीवरच्या पगाला घास भरविताना जिन्याखालच्या बेवारस कुत्र्यापुढेही पाण्याचे भांडे ठेवावे.