गोंधळ : दोघांनी जागवलेली रात्र

मराठीत 'गोंधळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक देवीचा गोंधळ आणि दुसरा आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाला की होतो तो. आजच्या मुलांना दुसराच अर्थ आधी आठवतो. त्यांचा दोष नाही, पण गंमत अशी की पहिल्या अर्थाचा गोंधळ ही अगदी शिस्तीची गोष्ट आहे. तिथे दोन माणसं तीन-चार तास एकमेकांचं ऐकत असतात. सभेत आपण नेमकं तेवढंच करत नाही!

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी जिल्ह्याच्या इतिहासावर काही तरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं. नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले, धाराशिवची लेणी, तेर यांवर लिहिणारे जाणकार आपल्याकडे आहेत. मी पडलो बँकेतला माणूस. पण नोकरीची बरीच वर्षं याच जिल्ह्यात गेली, लहानपणापासून कितीतरी गोंधळ पाहिले, म्हणून या जिवंत इतिहासावर लिहितो. दगडी इतिहास जागेवर उभा असतो, हा इतिहास मात्र माणसांबरोबर चालतो आणि माणसांबरोबरच जातो.

गोंधळ्यांचा मेळ मोठाही असतो. झांज वाजवणारा, दिवटी धरणारा असे चार-पाच जण असतात. पण त्याचा गाभा दोघांचा. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हातात तुणतुणं. संबळ म्हणजे शेजारी शेजारी बांधलेली दोन लहान चर्मवाद्यं. एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खर्जातला. दोन काठ्यांनी ती वाजवतात. त्यातली एक काठी टोकाशी वाकडी असते. ती कातड्यावर नुसती आपटत नाहीत, दाबून घासतात, तेव्हा तो घुमारा निघतो. तुणतुणं त्याहून साधं. एक पोकळ नळकांडं, त्याच्या तळाला कातडं, बाजूला ठोकलेली वेताची किंवा बांबूची काठी, आणि कातड्याच्या मध्यातून काठीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. एकच तार म्हणून कुणी हसू नये. गाणाऱ्याचा सूर तीच धरून ठेवते आणि तालाची बारीक वीणही तीच विणते. तेच ते बोलणाऱ्या माणसाला 'तुणतुणं वाजवतो' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण चार तास एकच सूर न ढळता धरून दाखवा म्हटलं तर किती जणांना जमेल?

मुख्य गोंधळी गातो, नाचतो, कथा सांगतो. तुणतुणेवाला त्याची ओळ उचलतो, 'जी जी' म्हणून हुंकार देतो, मध्येच भाबडेपणाने प्रश्न विचारतो आणि कथेला फाटा फोडतो. "द्रौपदी राणी होती, मग तिला जांभळं कशाला हवीत?" असं त्याने विचारलं की मांडीवर पेंगणारी लेकरंसुद्धा उठून बसतात. नायकाला दम लागला की साथीदार बोलणं लांबवतो, साथीदार विसरला की नायक संबळाचा एक तुकडा जास्त वाजवून त्याला वेळ देतो. हे सगळं कागदावर नसतं. बरोबर चालून, बरोबर उपाशी राहून ते अंगात येतं.

आपल्या सोसायटीतली दोन-तीन मुलं गिटार शिकतात, एक मुलगी व्हायोलिनच्या क्लासला जाते. त्यांच्यासाठी सांगतो. जगात व्हायोलिन आणि गिटारच्या जोड्या गाजल्या आहेत. इटलीचा पागानिनी (१७८२-१८४०) व्हायोलिनचा जादूगार म्हणून प्रसिद्ध, पण तो गिटारही उत्तम वाजवायचा आणि या दोन वाद्यांसाठी त्याने पुष्कळ रचना केल्या. १९३४ साली पॅरिसमध्ये जांगो राइनहार्ट हा गिटारवाला आणि स्तेफान ग्रापेली हा व्हायोलिनवाला एकत्र आले. त्यातला जांगो फिरस्त्या जमातीतला. आगीत भाजल्यामुळे डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी, तरी त्याच्या वादनाने लोक वेडे व्हायचे. एकाने चाल पुढे न्यायची, दुसऱ्याने तिला खालून आधार द्यायचा, आणि मध्येच कामं बदलायची, हे त्यांचं तंत्र. आपल्या संबळ-तुणतुण्याचं तंत्र याहून फार वेगळं नाही. फरक एवढाच, की त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या आणि आपल्या जोड्या वऱ्हाडाच्या पंगतीबरोबर उठून गेल्या.

आता इतिहास. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्याच्या पुढे सीमेपलीकडे कर्नाटकात. त्या ग्रंथात 'गोंडली' नावाच्या नृत्याचा उल्लेख येतो. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तही अशाच नावाचा नृत्यप्रकार आहे. 'गोंधळ' हा शब्द त्या 'गोंडली'पासून आला, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे या कलेची नाळ आपल्या शेजारच्याच राजधानीशी जुळते. पुढे चालुक्य गेले, यादव गेले, बहामनी आले, शेवटी निजामाचं राज्यही १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. संबळ मात्र वाजतच राहिलं.

गोंधळी स्वतः वेगळी कथा सांगतात. परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या शिराचं आणि शिरेचं वाद्य केलं आणि ते वाजवत आई रेणुकेला वंदन केलं. तेच पहिलं तुणतुणं. त्यांच्यात कदमराई आणि रेणुराई असे दोन भाग आहेत. कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. आपल्या भागात अर्थातच कदमराईंचा वावर जास्त, कारण तुळजापूर इथून वीसेक किलोमीटरवर. घोळदार झगा, डोक्याला पागोटं, कपाळाला हळद-कुंकू आणि गळ्यात कवड्यांची माळ, हा त्यांचा वेष. गोंधळ्यांनी देवीबरोबर पोवाडेही गायले. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालातला मानला जातो.

लग्न झालं, जावळ झालं, नवस फिटला, की घरी गोंधळ. ज्वारीची नाहीतर उसाची पाच ताटं उभी बांधायची, खाली पाटावर नवा खण, त्यावर धान्याचा चौक, कलश, नारळ. दिवटी पेटली की आधी गण, मग देवदेवतांना आवतण. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, असं करत करत गावच्या वेशीवरच्या मारुतीपर्यंत एकेकाला नाव घेऊन बोलावतात. लहानपणी महाराष्ट्राचा भूगोल मी पुस्तकाआधी या आवतणातच शिकलो. हा झाला पूर्वरंग. उत्तररंगात आख्यान. द्रौपदी आणि कर्णाचं 'जांभूळ आख्यान' सगळ्यांत लोकप्रिय; पुढे शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगभूमीवर नेऊन गाजवलं. शेवटी आरती, तोवर पूर्वेला उजाडत आलेलं असे.

दोघांच्या कलेचा कळस म्हणजे करपल्लवी. ही गोष्ट आता फार कमी जणांनी पाहिलेली असेल. थोरल्या बहिणीच्या लग्नात, १९६१ साली, मी ती पाहिली. पाहुण्यांपैकी कुणी तरी नायकाच्या कानात एक शब्द सांगायचा. साथीदार मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. नायक तोंडाने एक अक्षर न काढता हाताची बोटं नाचवायचा आणि साथीदार तो शब्द मोठ्याने सांगायचा. बायका म्हणायच्या, देवी अंगात आहे. माझे वडील शिक्षक, त्यांनी दुसऱ्या दिवशी गोंधळ्यांना चहाला बसवून गुपित विचारलं. या विद्येची जुनी मांडणी अशी, की वर्णमालेच्या प्रत्येक वर्गाला एक खूण. नागाचा फणा दाखवला की स्वर, कमळ दाखवलं की 'क' वर्ग, चक्र म्हणजे 'च' वर्ग, धनुष्याचा टणत्कार म्हणजे 'ट' वर्ग. मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी दाखवायचं आणि मात्रा चुटक्यांनी. समजा शब्द 'घागर'. कमळ आणि चार बोटं, म्हणजे 'घ'. कानासाठी चुटक्या. पुन्हा कमळ आणि तीन बोटं, म्हणजे 'ग'. नंतर 'य' वर्गाची खूण आणि दोन बोटं, म्हणजे 'र'. वाचायला सोपं वाटतं, पण नाचता नाचता, दिवटीच्या उजेडात, ताल न चुकवता हे करायचं! ज्यांना शाळेचं तोंड पाहायला मिळालं नाही अशा कित्येक माणसांनी अख्खी वर्णमाला बोटांवर खेळवली. डोळ्यांच्या खुणांनी हेच केलं की ती नेत्रपल्लवी.

या माणसांचं पोट कसं चालायचं, हा बँकवाल्याला पडणारा प्रश्न. गावगाड्यात बारा बलुतेदारांखालोखाल अलुतेदार असत, त्यांत गोंधळी. कुठल्या घराण्याकडे कुठली गावं, हे ठरलेलं. सुगीत खळ्यावर धान्य मिळे, कार्याच्या वेळी शिधा, खण-नारळ आणि सव्वा रुपया. आमच्या भाषेत सांगायचं तर कला हे त्यांचं भांडवल आणि सुगी हा व्याजाचा हप्ता. पण हप्ता पावसावर अवलंबून. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा खळीच रिकामी राहिली. मी १९७३ च्या सुरुवातीला बँकेत लागलो. तेव्हा आमच्या शाखेजवळच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांत एक संबळवाला होता. हाताला घट्टे पडलेले. तो म्हणाला, "साहेब, काठी धरायच्या हातात हातोडा आला, आता घुमारा निघंना." पुढे कूळ-गावाचं नातं सुटत गेलं, धान्याच्या जागी एका कार्यक्रमाचे रोख पैसे आले. शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत गोंधळी आहेत, त्यामुळे मुलांच्या शिक्षणाला सवलत मिळाली, मुलं शिकली, नोकरीला लागली. हे चांगलंच झालं. कला टिकावी म्हणून कुणाच्या लेकराने अर्धपोटी राहावं, असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आता आपल्या घरचं. सोसायटी झाली तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते. पहिल्या काही लग्नांचे गोंधळ त्या मोकळ्या जागेत झाले. सतरंज्या घरोघरच्या, चहा सगळ्यांच्या चुलीवरचा. बांधकामं वाढली तसा गोंधळ पार्किंगमध्ये आला, तिथून कार्यालयाच्या हॉलमध्ये गेला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद. नियम योग्यच आहे, आजारी माणसं आणि परीक्षेची मुलं प्रत्येक इमारतीत असतात. पण गोंधळ आखडला तो नियमामुळे नाही, आपल्या घाईमुळे. परवाच्या एका लग्नात गण झाला, आवतण निम्मं झालं आणि फोटोग्राफर म्हणाला, "मामा, आता आटपा, जेवणाचं काउंटर उघडलंय." दोघांनी मुकाट्याने आरती घेतली. एकूण वेळ पंचवीस मिनिटं.

मी बाहेर त्यांच्याशी बोलत उभा राहिलो. नायक सत्तरीचा, तुणतुणेवाला त्याहून थोडा लहान. दोघांचे मुलगे पुण्याला कंपनीत. मी विचारलं, "मामा, पूर्ण आख्यान शेवटचं कधी झालं?" ते एकमेकांकडे पाहत राहिले. मग तुणतुणेवाला म्हणाला, "ऐकणारंच नाही, तर सांगावं कुणाला? आता माझं मलाच मधलं मधलं आठवंना." मला हे वाक्य फार लागलं. एकट्याची कला असेल तर माणूस घरी बसून तरी गुणगुणतो. ही दोघांची कला. एक गेला की दुसऱ्याचं वाद्य खुंटीला लागतं. आणि खरं पाहिलं तर ती तिघांची आहे, तिसरा ऐकणारा. तो उठून गेला की पहिले दोघे असूनही नसल्यासारखे.

म्हणून कार्यकारिणीला माझी एक लेखी सूचना आहे, आणि माजी खजिनदार म्हणून अंदाजपत्रकाचीही काळजी घेतो. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ पूर्ण गोंधळाला द्यावी. सहाला सुरुवात, दहाच्या आत आरती, म्हणजे नियमही पाळला जाईल. लाऊडस्पीकर नको, संबळाला त्याची गरज नाही. ऑर्केस्ट्राला आपण जेवढं मानधन देतो तेवढंच या जोडीला द्यावं. जांभूळ आख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावावं, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करावं आणि त्याची एक प्रत त्यांच्या मुलांना द्यावी. गिटार आणि व्हायोलिन शिकणाऱ्या आपल्या मुलांना पहिल्या रांगेत बसवावं. तुणतुण्याची ती एक तार त्यांनी जवळून पाहावी, जमल्यास छेडून पाहावी. करपल्लवी अजून येत असेल तर तीही पाहू. शब्द मी सुचवीन.

मोठ्यांना एकच विनंती. त्या दिवशी जेवणाचं काउंटर आरतीनंतरच उघडावं.