सुट्टीतलं वाचन आणि कुलूपबंद कपाट

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत १ मेच्या सुमारास निकाल हाती पडतो आणि जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरते. विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षातून एकदाच असा सहा-सात आठवड्यांचा सलग मोकळा वेळ मिळतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळेतली पुस्तकं त्यांच्यापासून सर्वांत लांब असतात. परीक्षा जवळ आली की ‘पुस्तकं जमा करा’ अशी सूचना वर्गावर्गांतून फिरते, दाखल नोंदवहीशी मोजदाद होते, कपाटाला कुलूप लागतं. सुट्टीत मुलं का वाचत नाहीत, याची चर्चा मोबाइलपासून सुरू करायची आपल्याकडे रीत पडली आहे. ती या कपाटापासून सुरू करावी, असं माझं म्हणणं आहे.

मोबाइल निर्दोष आहे असं नाही. पण रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मोबाइल मुलांच्या हातात यायचा होता. अमेरिकेतल्या पाचवीच्या १५५ मुलांनी शाळेबाहेरचा वेळ कसा जातो याच्या नोंदी ठेवल्या होत्या. बहुतेक मुलं बहुतेक दिवशी पुस्तक जेमतेम उघडत, किंवा उघडतच नसत. वाचनातल्या प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो मात्र याच पुस्तकवाचनाच्या वेळेचा. सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, असंही नेहमी सांगितलं जातं. हॅरिस कूपर यांनी १९९६ साली अनेक अभ्यास एकत्र करून ही घसरण साधारण एका महिन्याच्या अभ्यासाएवढी असल्याचं मांडलं. पुढे वेगळ्या चाचण्या वापरल्यावर ती तेवढी भरत नाही, असंही काही संशोधकांना आढळलं. म्हणून घसरणीची भीती दाखवून वाचन रेटण्यात मला अर्थ वाटत नाही. मुलाकडे वेळ आहे, एवढं कारण पुरे आहे.

न वाचणारी मुलं सगळी एका माळेचे मणी नसतात. काहींना सरळ वाचताच येत नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उताराही नीट वाचता आला नव्हता. शहरात याच दुखण्याचं दुसरं रूप दिसतं. इंग्रजी माध्यमातली सातवीची मुलगी घरी अस्खलित मराठी बोलते, पण छापील मराठीत प्रत्येक जोडाक्षरापाशी थबकते, आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. तिला मराठीची गोडी नाही, असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. जीन चॉल यांनी वाचनाच्या पायऱ्या मांडताना म्हटलं होतं की, साधारण तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि चौथीपासून शिकण्यासाठी वाचू लागतं. या मुलांची पहिली पायरी अर्धवट राहिली आहे. अशा मुलांना कोणीतरी पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावं, पात्रं आणि प्रसंग ओळखीचे करून द्यावेत, मग पुस्तक हातात ठेवावं. चित्रकथाही चालतात, त्यांत काही कमीपणा नाही.

दुसऱ्या गटाला वाचता येतं, पण घरात पाठ्यपुस्तकापलीकडे छापील कागद नसतो. त्यांच्यापुढचा प्रश्न गोडीचा नाही, पुरवठ्याचा आहे. १९६७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली, पण अनामत, वर्गणी आणि वेळा बघता तेरा वर्षांचं मूल आपण होऊन तिथे जाणं अवघडच. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ज्या मोबाइलला आपण दोष देतो, त्याच मोबाइलवर. हे किती पालकांना ठाऊक असतं?

वाचता येतं, पुस्तकंही आहेत, तरी नको, असं म्हणणाऱ्या तिसऱ्या गटाशी आपण सर्वांत चुकीचं वागतो. अकरा ते चौदा हे वय अडनिडं असतं. परीकथा बाळबोध वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अंगावर येतात. मराठीत कुमारसाहित्य आहे, पण थोडं, आणि दुकानात ते मांडलेलं असतं रंगीत बालपुस्तकांच्या मधोमध. आठवीतला मुलगा त्या मांडणीकडे फिरकतही नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून मुलांना का धरून ठेवतो, हे बघण्यासारखं आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला हा किडकिडीत मुलगा वाचकाच्याच वयाचा, आणि संकटातून सुटतो तो स्वतःच्या डोक्याने. शिवाय ती मालिका आहे. एक पुस्तक संपलं की पुढचं कोणतं, हा प्रश्नच उरत नाही. न वाचणाऱ्या मुलाचं वाचन बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी सुटतं. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांच्या मराठी अनुवादांनाही हेच लागू आहे. आठवीतल्या एखाद्या मुरलेल्या वाचकाला प्रकाश नारायण संतांचा लंपनही रुचेल, पण सुरुवात त्याच्यापासून करू नये.

पालकांच्या याद्या मात्र वेगळ्या असतात. त्यांत थोरांची चरित्रं आणि संस्कारकथा भरलेल्या असतात. मुलाने पुढे काय व्हावं याची ती इच्छापत्रं असतात. मुलाला काय वाचावंसं वाटतं याचा त्यांत पत्ता नसतो. रिचर्ड अॅलिंग्टन आणि अॅन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्तीच्या शाळांत सलग तीन उन्हाळे मुलांना १२-१२ पुस्तकं दिली, तीही मुलांनी स्वतः निवडलेली. पहिल्या वर्षी सर्वाधिक मागणी होती ती ब्रिटनी स्पीअर्स या गायिकेच्या चरित्राला. तज्ज्ञांच्या यादीत ते कधीच बसलं नसतं. तरीही तीन वर्षांनी ही मुलं पुस्तकं न मिळालेल्या मुलांच्या पुढे गेलेली दिसली. ती मुलं प्राथमिक वर्गांतली होती, हे खरं. पण निवडीची ओढ सहावीत कमी होत नाही, वाढतेच.

सक्तीची आणखी दोन रूपं सुट्टीत हमखास भेटतात. एक म्हणजे प्रकल्पवही. तिच्या पानावर रकाने आखलेले असतात: पुस्तकाचं नाव, लेखक, सारांश, आणि शेवटी ‘मिळालेला बोध’. मुलं हुशार असतात. सारांश मलपृष्ठावरून उतरतो आणि बोधाच्या रकान्यात ‘नेहमी खरे बोलावे’ लिहिलं की शिक्षकांची सही मिळते. पुस्तक न उघडता वही पूर्ण करण्याची युक्ती एवढाच काय तो बोध. दुसरं रूप बक्षिसाचं. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली चित्रं काढण्याची मुळात आवड असलेल्या छोट्या मुलांवर प्रयोग केला. आधी बक्षीस कबूल करून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली, ती नंतर आपल्या मनाने चित्राकडे कमी वळू लागली. दहा पुस्तकांना सायकल, हा सौदा करणाऱ्या पालकांनी अकराव्या पुस्तकाचं काय होतं ते बघावं.

मग काहीच करू नये का? तसंही नाही. जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांच्या २००८ च्या अभ्यासात तिसरी ते पाचवीच्या मुलांना नुसती पुस्तकं देऊन फारसा फरक पडला नाही; शाळा सुटण्यापूर्वी शिक्षकांनी वाचनाची तयारी करून दिली होती, तिथे पडला. आपल्याकडे वार्षिक परीक्षा आणि निकाल यांच्या मधले दिवस जवळजवळ वाया जातात. पेपर तपासण्याच्या धांदलीतूनही एखाद्या शिक्षकाने रोज दोन पुस्तकांची पहिली चार-चार पानं वाचून दाखवावीत आणि ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिटावं. या वयात वडिलांच्या शब्दापेक्षा मित्राचा शब्द मोठा, म्हणून पुस्तकं देताना एका वाडीतल्या किंवा एका इमारतीतल्या मुलांना वेगवेगळी द्यावीत. अदलाबदल ती आपण होऊन करतील.

अपेक्षा थोडकी ठेवली तरी हिशोब चांगला जमतो. सावकाश वाचणारं मूल मिनिटाला शंभर शब्द वाचतं असं धरलं, तरी रोजच्या वीस मिनिटांत दोन हजार आणि चाळीस दिवसांत ऐंशी हजार शब्द होतात. कुमारवयासाठीची एक कादंबरी वीस-पंचवीस हजार शब्दांची धरली, तर तीन-चार पुस्तकं सहज होतात.

राहिला प्रश्न कपाटाचा. पुस्तक हरवलं तर भरपाई कुणी करायची, या धास्तीने ग्रंथालय सांभाळणारे शिक्षक कुलूप लावतात. दोष त्यांचा नाही, जबाबदारी एकट्याच्या गळ्यात बांधणाऱ्या पद्धतीचा आहे. चाळीस मुलांच्या वर्गाला प्रत्येकी दोन म्हणजे ऐंशी पुस्तकं जातील. त्यांतली दहा परत आली नाहीत आणि एकेकाची किंमत दीडशे रुपये धरली, तर नुकसान दीड हजाराचं. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने एप्रिलच्या बैठकीत एवढ्या रकमेच्या निर्लेखनाची तयारी ठेवावी, तसा ठराव लिहून शिक्षकांना मोकळं करावं, आणि निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकासोबत मुलाने स्वतः निवडलेली दोन पुस्तकं त्याच्या हाती द्यावीत. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला यापेक्षा जास्त खर्च येतो.